धूर किती टक्के

१२ फेब्रुवारी

आज पापांनी माझं कापड नापास केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्क्रीनजवळ नाक नेलं, मागे घेतलं, परत नेलं आणि म्हणाले, “धूर भरलाय यात.”

“धूर नाही पापा, छाया आहे. चुण्यांची छाया.”

“मला कापड दाखव. सावली माझ्या अंगणात पुष्कळ आहे.”

झालं. मागावर बसलेला ओदुरो खी खी करून हसला. हा पापांच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात वारसा भाच्याकडे जातो, म्हणजे पापांनंतर माग, नमुने, नाव सगळं त्याचं. मी मुलगी. आमच्या घरच्या बायकांनी कांड्या भराव्यात, पण मागावर बसायचं नाही. ठीक आहे, नाही बसत. कॉम्प्युटरला तर कोणी बंदी घातलेली नाही ना?

त्या कॉम्प्युटरमधल्या गावात जगभरचे लोक बनवलेल्या अंगांनी हिंडतात, नाचतात, लग्नंसुद्धा लावतात. अंग खोटं असलं तरी कपडा लागतोच. मी पापांच्या केंटेचे, म्हणजे अरुंद पट्ट्या विणून जोडलेल्या आमच्या कापडाचे, फोटो काढते आणि त्यांतून त्या अंगांवर बसतील असे कपडे करते. सगळी करामत थरांची. सगळ्यात खाली पापांचं कापड. त्यावर करड्या छायेचा थर, म्हणजे खांद्यावर कापड कुठे दुमडलं, काखेत कुठे दबलं ते कळतं. हा वरचा थर किती पारदर्शक ठेवायचा, तिथेच खरी परीक्षा. कमी पारदर्शक ठेवला तर कापडावर काजळी धरल्यासारखी वाटते. जास्त ठेवला तर छाया नाहीशी होते आणि कापड अंगाला कागद चिकटवावा तसं सपाट पडतं. मी चाळीस टक्क्यांवर ठेवला होता. माझ्या मते अगदी बरोबर.

पण त्या गावात मी जे दुकान उघडणार आहे त्याला पापांचं नाव द्यायचंय, ‘ओपानिन अम्पोन्सा यांचं केंटे’; वडीलधाऱ्यांना आमच्याकडे ओपानिन म्हणतात. नाव द्यायचं तर त्यांची पसंती हवीच. फाइलला ‘पापा ४०’ नाव दिलं आणि बंद केली.

१९ फेब्रुवारी

छाया पंचावन्न टक्के पारदर्शक केली. चुण्या जरा पुसट झाल्या, पण म्हटलं म्हाताऱ्याचं समाधान होऊ दे.

“अजून धूर आहे.”

“पापा, तुम्ही उजेडाकडे पाठ करून बसा.”

“पोकुआ, मी चाळीस वर्षं कापड बघतोय. कसं बसायचं ते तू सांगू नकोस.”

वीज होती, पण मरतुकडी. पापा म्हणाले, हल्ली दिवेच मेलेत. मीही दुमसॉरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रोजच्या वीजकपातीच्या, नावाने बोटं मोडली. ओदुरो आपल्या मामांना म्हणाला, “वोफा, ज्यांना अंगच नाही त्यांना कपडे कशाला हो?” पापा म्हणाले, “त्यांना लाज असेल. तुला नाही.” मला हसू आलं. आजच्या दिवसातलं तेवढंच बरं.

फाइल ‘पापा ५५’.

३ मार्च

काल शनिवार, शेजारच्या गावात अंत्यविधीचा मोठा मेळा होता. पापांनी तिथे आम्हाला मान खाली घालायला लावली.

मंडपात वडीलधारे रांगेने बसले होते. रीतीप्रमाणे पापा उजव्या टोकाकडून हात मिळवत निघाले, मागून मामे, म्हणजे माझी आई, आणि मी. शेवटी ओपानिन तवियाह बसले होते, जरा बाजूला, हात पुढे करून. आणि पापा सरळ निघून गेले! हात तसाच हवेत. अख्ख्या मंडपाने पाहिलं. मामेने घाईघाईने वाकून दोन्ही हातांनी तो हात धरला, काहीतरी पुटपुटली.

घरी येताना मी विचारलं, “पापा, तवियाहांशी तुमचं काय बिनसलंय?”

“काही नाही. का?”

“का म्हणजे? त्यांना तुम्ही हात दिला नाहीत.”

ते थांबले. मग म्हणाले, “माझ्या मनात असेल त्याला मी हात देईन.” मामे म्हणाली, “पुरे आता, पोकुआ.” इतका अहंकार बरा नाही. नव्या राजाच्या गादीसोहळ्याचं कापड विणायचं काम आपल्याकडे आलंय म्हणून चढलाय, दुसरं काय. तवियाह त्याच राजाच्या घराण्यातले आहेत, हे तरी लक्षात ठेवावं.

१७ मार्च

सत्तर टक्के. पापा म्हणाले, “मागच्या वेळी चित्र मोठं होतं. कडा का कापल्यास?”

मी कडा कापलेल्या नाहीत. चित्र तेवढंच आहे. तसं सांगितलं तर म्हणाले, “मग माझं चुकलं,” आणि उठून गेले. चुकलं असं पापा कधी म्हणत नाहीत. हा टोमणा होता. जाताना अंगणातली पाण्याची परात लाथेने उडवली, इतका राग. मामेने फरशी पुसली.

माझ्यावरच एवढा राग का? ओदुरोच्या पट्टीत दोर ढिला पडला तर त्याला शेजारी बसवून समजावतात. माझं काम समोर आलं की धूर, कडा, दिवे. मी मुलगी आहे आणि हे यंत्र आहे, या दोन्हींचा राग एकाच ठिकाणी निघतो.

मामे मात्र हल्ली त्यांचे फार लाड करते. फुफूच्या, म्हणजे कुटलेल्या कंदाच्या गोळ्याच्या, वाडग्यातला मासा स्वतः मोडून, काटे काढून त्यांच्या बोटांपाशी ठेवते. लग्नाला तीस वर्षं झाली आणि आता प्रेम उतू चाललंय. मला बघून जरा हेवाच वाटला.

२ एप्रिल

ओदुरो वडिलांच्या गावी गेला, काकांचा अंत्यविधी आहे. दोन आठवडे येणार नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाईसाहेब, जरा मागाकडे लक्ष ठेव. वोफांच्या कांड्या मी लावून देतो, तशा कोणीतरी लावून द्यायला पाहिजेत.”

“त्यांच्या कांड्या ते लावतील. तू नव्हतास तेव्हा माग बंद होता का?”

त्याने पिशवी उचलली आणि निघाला. स्वतःला फारच महत्त्वाचा समजतो.

९ एप्रिल

मामे मावशीच्या बाळंतपणासाठी कुमासीला गेली, चार दिवस. आता चूल माझ्याकडे, कोंबड्या माझ्याकडे आणि दुकान ईस्टरपूर्वी उघडायचं तेही माझ्याकडे. सकाळी पापांनी हाक मारली.

“पोकुआ, टोपली आण. काळ्या कांड्या डावीकडे, पिवळ्या मध्ये, बाकीच्या उजवीकडे.”

माझं भाताचं भांडं करपत होतं. टोपली नेऊन त्यांच्यासमोर आदळली. कुठली कांडी कुठे ते बघायला मला वेळ नव्हता. रंग काय त्यांना दिसत नाहीत?

पण एक कबूल करते. विणताना त्यांच्याकडे बघत राहावं. डोळे जवळजवळ मिटलेले, बोटं पट्टीवरून फिरतात, पायाच्या अंगठ्यांतले दोर आपोआप वरखाली होतात. असं विणणारा माणूस माझा बाप आहे, याचा मला गर्व आहे. तो मला कधी सांगता येणार नाही ते वेगळं.

११ एप्रिल

आनंदाची बातमी! पापांनी नवा नमुना काढलाय.

ते अंघोळीला गेले होते. मी मागाखालची गुंडाळी उलगडून बघितली. राजाच्या कापडात ठोकळ्यांच्या कडा नेहमी काळ्या असतात. यात सुरुवातीला काळ्या आहेत आणि मग सरळ गर्द हिरव्या! त्यातही सारख्या अंतराने नाही, कुठे तीन घरं, कुठे पाच, एका ठिकाणी एक धागा वगळलेला. पहिल्यांदा डोळ्यांना खटकतं, मग त्यातून नजर हलत नाही. या वयात, राजाच्या कापडावर एवढं धाडस!

कापड मागावर असताना त्याबद्दल विचारायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी विचारलं नाही. गुपचूप सहा फोटो काढले.

दुपारी थर चढवले. छाया चाळीस टक्क्यांवर, माझ्या मनाप्रमाणे. त्याच कापडाची आणखी एक फाइल केली पापांना दाखवायला, नव्वद टक्क्यांवर, जवळजवळ छाया नाहीच. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. आपलं नवं कापड ओळखलंसुद्धा नाही! मी मुद्दाम काही बोलले नाही. शेवटी म्हणाले, “पूर्वीपेक्षा बरं. पण धूर आहेच.”

आता माझी सहनशक्ती संपली. त्यांची पसंती न घेताच दुकान उघडलं, नावही त्यांचंच लावलं. चुकले असेन, पण किती दिवस वाट बघायची?

२६ एप्रिल

हिरव्या कडांचं कापड सगळ्यात जास्त जातंय. बाकी सगळे नमुने मिळून जेवढे जात नाहीत तेवढं हे एकटं. काल त्या गावातल्या एका नाचाला गेले तर चौदा जणी तेच नेसून नाचत होत्या. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते आणि इथे खुर्चीत माझे डोळे भरून आले.

आज एक पत्र आलं. फ्रेमा नावाची बाई, मूळची इकडचीच, आता कॅनडात असते. लिहिते: ‘दोन कपडे घेतले, तुझ्या चुण्या फार सुरेख आहेत. पण बाई, त्या काळ्या कडेत हिरवा काय करतोय? आणि तिसऱ्या ठोकळ्यात धागा सुटलाय. माझे आजोबा विणकर होते. अशी पट्टी त्यांनी कापून टाकायला लावली असती. तुझ्या वडिलांना विचारशील का?’

मी उत्तर दिलं: ‘माझ्या वडिलांनी काय विणावं हे थंड देशात बसून ठरवू नये. नवीन काही दिसलं की तुम्हा लोकांना आजोबा आठवतात.’ लिहून फार बरं वाटलं.

१० मे

ओदुरो ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला, वाटेत मलेरियाने पडला होता. तोवर पापांनी पट्ट्या पुऱ्या करून शिवायला कुमासीला पाठवूनही दिल्या होत्या. मी त्याला स्क्रीनवर हिरवं कापड दाखवलं. म्हटलं, बघ, तू नसताना तुझ्या वोफांनी काय केलंय!

त्याचा चेहरा उतरला.

“हे राजाच्या कापडात आहे?”

“मग!”

“वोफांना दाखवलंस?”

“त्यांनीच विणलंय, त्यांना काय दाखवायचं?”

“दाखवू नकोस, पोकुआ. मी पाया पडतो तुझ्या, दाखवू नकोस.”

वारसदाराला मत्सर झाला. त्याला असं काही आयुष्यात सुचणार नाही, हे त्याला कळलं. मला थोडी दयाच आली.

२४ मे

राजाचं कापड परत आलं.

तीन माणसं आली. पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं. त्यांनी दारूची बाटली पुढे ठेवली, शेजारी घडी केलेलं कापड. राजाच्या वतीने म्हणाले, “नानांकडे आधीचं एक कापड आहे. ते त्यांना पुरेसं आहे.” बस्स. दोष काढला नाही, आवाज चढवला नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने जाताना पापांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पापा कापड मांडीवर घेऊन बसून राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तोंडात काही घातलं नाही. मग म्हणाले, “तवियाह. त्याचा हात मी घेतला नाही, त्याने माझा घेतला.”

मलाही तेच वाटतं, तवियाहांनीच राजाचे कान भरले. एका हातासाठी एवढं! चाळीस वर्षांत पापांचं एकही कापड परत आलेलं नाही. त्यांच्याकडे बघवत नाही.

७ जून

पापा आज तवियाहांकडे क्षमा मागायला गेले. रीतीप्रमाणे मध्यस्थ घेतला, बाटली घेतली. मीही गेले, ओझं उचलायला.

तवियाहांच्या दारासमोर उघडं गटार आहे. हातभर रुंद, लहान पोरसुद्धा ओलांडून जाईल. पापा चालता चालता सरळ त्यात गेले. पाय घसरला म्हणावं तर तसंही नाही. जमीन आहे असं समजून पाऊल टाकलं. कपाळ फुटलं, बाटली फुटली.

तवियाह स्वतः धावत आले, त्यांनी पापांना काखेत हात घालून वर काढलं. ओट्यावर बसवलं. मग त्यांच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आपला हात धरला आणि बोटं हलवली. पापा समोर बघत होते. तवियाहांनी हात पुढे पुढे आणला, अगदी नाकासमोर आला तेव्हा पापा दचकले.

“अम्पोन्सा,” तवियाह म्हणाले, “त्या दिवशी मी तुला दिसलोच नाही रे.”

मी रक्त पुसत होते. तवियाहांनी फडकं माझ्याकडून काढून घेतलं.

१४ जून

कुमासी, डोळ्यांचा दवाखाना. काचबिंदू. उजवा डोळा गेलाय. डाव्यात मधोमध थोडंसं उरलंय, तेही धूसर. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हा आजार दुखत नाही, कडेकडून खात येतो. गेलेलं परत येणार नाही. थेंब घालत राहिले तर उरलेलं काही काळ टिकेल.

मग त्यांनी विचारलं, “दिसणं कमी झालंय हे कधीपासून लक्षात आलं?”

पापा म्हणाले, “धूळ असते मागापाशी.” मामेने पदराचं टोक तोंडात धरलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी फोन काढला. फाइली त्यात आहेतच, प्रत्येकीवर तारीख. मी वाचून दाखवल्या. बारा फेब्रुवारीला चाळीस टक्क्यांवर त्यांना धूर दिसला. एकोणीसला पंचावन्नवर. सतरा मार्चला सत्तरवर, आणि त्या दिवशी चित्राच्या कडा दिसत नव्हत्या. अकरा एप्रिलला छाया जवळजवळ काढून टाकली, तरी धूर होता.

बाईंना आधी काही कळेना. समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, इतकी व्यवस्थित नोंद कोणी आणत नाही. मी विचारलं, फेब्रुवारीत आलो असतो तर? डोळ्यातला दाब फार होता म्हणाल्या, त्याने भराभर नुकसान केलं. फेब्रुवारीत आला असतात तर डावा बराचसा राखता आला असता.

परत येताना गाडीत मामे म्हणाली, तिला डिसेंबरपासून माहीत होतं, ओदुरोलाही. पापांनी दोघांना शपथ घातली होती. विणकराच्या डोळ्यांबद्दल एकदा बोलणं निघालं की काम येणं बंद होतं. तिला मी दोष कसा देऊ? ती घाबरून गप्प राहिली. मी तर चार महिने माझ्या बापाचा आंधळेपणा टक्क्यांत मोजत होते आणि त्यांनी मला नाकारलं म्हणून रुसून बसले होते.

आता कळतंय की ते मला नाकारत नव्हते. दर वेळी बोलावलं की येऊन बसत होते, आणि दिसत होतं ते खरं खरं सांगत होते.

२९ जून

पंधरा दिवस काही लिहवलं नाही.

माग ओदुरोच्या हाती गेला. पापा अंगणात बसतात, त्याच्या धोट्याचा आवाज ऐकतात, मधूनच “ओढ जास्त झाली” म्हणतात. ओदुरो लगेच दुरुस्त करतो. खरंच जास्त झालेली असते की नाही, मी विचारत नाही.

आज दुपारी त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, “तुझ्या त्या गावात माझं कुठलं कापड जास्त चालतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. ‘पिवळं’ असं मी म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं. राजाचं कापड तवियाहांमुळे परत आलं नाही, हे त्यांना त्या गटारापाशीच कळलं होतं. पण मग का आलं, हे मला या पंधरा दिवसांत कळून चुकलं असलं तरी त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. या घरात वडीलधाऱ्यांची चूक कोणी सांगत नाही.

“हिरव्या कडांचं,” मी म्हटलं.

“हिरव्या? मी हिरव्या कडा कधी विणल्या?”

“राजाच्या कापडात, पापा. काळ्याच्या जागी. टोपली मी ठेवली होती. कांड्या बघितल्या नाहीत मी. उलट्यासुलट्या होत्या.”

ओदुरोचा माग थांबला. पापांनी बोटं मांडीवर ठेवली आणि ती हलली, एक, दोन, तीन, पट्टीतली घरं मोजतात तशी. बराच वेळ मोजत होते.

“किती घरं?”

“कुठे तीन, कुठे पाच. एका ठिकाणी धागा सुटलाय.”

“आणि ते तू लोकांना दिलंस.”

“मला वाटलं नवा नमुना आहे. मला फार आवडलं होतं ते.” मी रडत होते, लपवायचं कारणही उरलं नव्हतं.

“किती लोकांकडे गेलं?”

“एकशे बारा.”

“कोणालाच कळलं नाही?”

“एकीला कळलं. तिचे आजोबा विणकर होते. तिने लिहिलं होतं मला. मी तिला वाट्टेल ते बोलले.”

पापा सरळ होऊन बसले. “मग आधी तिला लिही. माझ्या नावाने लिही. म्हणावं, तुझं बरोबर आहे. काळ्या कडेत हिरवा येत नाही, आणि सुटलेला धागाही तू बरोबर पाहिलास. तुझ्या आजोबांनी तुला चांगलं शिकवलं.”

मी तिथेच बसून फोनवर लिहिलं. वाचून दाखवलं. विचारलं, आणखी काय लिहू?

“लिही, विणकर म्हातारा आहे.” मग मान हलवली. “नको, ते खोड. लिही, विणकराला दिसत नाही.”

हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं, आणि ओदुरो, मामे, शेजारची बाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं.